पालीची शेपूट परत येते, एवढंच मुलांना सांगू नका

पाच वर्षांची मुलगी विचारते की प्राण्यांना शेपूट कशाला असते, तिला सोप्या भाषेत काय सांगू, असं तुम्ही विचारलंय. सांगतो, पण आधी पालीचं.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याच्या हातून खिडकी लावताना पालीची शेपूट तुटली. पाल पळाली, शेपूट तिथेच वळवळत राहिली. 'मी तिला मारलं' म्हणून पोरगा ओक्साबोक्शी रडायला लागला. ताईने त्याला जवळ घेतलं. म्हणाली, "अरे वेड्या, पालीला शेपूट परत येते. तिला काही होत नाही."

रडणं थांबलं. चार दिवसांनी त्याच्या दप्तरात काड्यापेटी सापडली. आत तीन शेपट्या. "बाबा, या हलायच्या थांबल्या, नवीन आणतो," म्हणत तो फूटपट्टी घेऊन कपाटामागे निघाला. त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. काही होत नाही, असं मोठ्या माणसानेच सांगितलं होतं ना.

होतं, बरंच होतं. पाल शेपटीत चरबी साठवते, खायला मिळालं नाही की त्यावर जगते. भिंतीवर पाय घसरला तर शेपूट भिंतीला दाबून सावरते. जिवावर बेतलं की ती शेपूट सोडून देते. मणक्यांमध्ये त्यासाठी तुटायच्या जागा ठरलेल्या असतात. तिथले स्नायू आवळले जातात, म्हणून रक्त फारसं येत नाही. मांजर वळवळती शेपूट बघत बसतं, तेवढ्यात पाल निसटते. पुढे शेपूट वाढते ती हाडांची नाही, कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक पदार्थाची. त्या नव्या भागात तुटायच्या जागा नसतात, पुढच्या वेळी आणखी वर, जुन्या हाडाच्या भागातच तोडावी लागते. म्हणजे हा डाव मोजक्याच वेळा खेळता येतो.

मुलाला मी एवढंच विचारलं, "कुत्रा मागे लागला, तू डबा टाकून पळालास. कुत्रा डबा हुंगत बसला, तू वाचलास. मग दिवसभर उपाशी कोण?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी." काड्यापेटी त्यानेच जाऊन मातीत रिकामी केली.

ताई अजूनही म्हणते, लहान मुलांना इतकं खोलात कशाला सांगायचं. मला हे मुळीच पटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला सगळं कळतं, फक्त त्याच्या डब्यापर्यंत आणून सांगावं लागतं.

बाकीचे प्राणीही असेच सांगा. फरशीच्या रेघेवरून तिला आधी हात पसरून चालवा, मग हात मागे बांधून. मांजर कठड्यावरून कशी चालते ते लगेच कळेल. तसेच हात मागे ठेवून नाकावरची माशी उडवायला सांगा, म्हणजे गायीची शेपूट समजली. बादलीतल्या पाण्यात हात डावीकडे-उजवीकडे हलवला तर मासा, वर-खाली हलवला तर डॉल्फिन. आणि चित्रांच्या पुस्तकांत प्रत्येक माकड शेपटीने फांदीला लोंबकळतं, ते साफ चूक आहे. तसं करणारी माकडं फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतात, तिथलीही सगळी नाहीत. आपलं वानर शेपटीने तोल सांभाळतं.

एक राहिलं. घोरपड पालीसारखी दिसली तरी तिची शेपूट तुटली की परत येत नाही. आणि कुत्रा शेपूट हलवतो म्हणजे खूशच असतो, हे तिला शिकवू नका. बिथरलेला कुत्राही शेपूट हलवतो. ताठ उभी धरून बारीक बारीक हलवत असेल तर मुलीला लांबच ठेवा, मालक कितीही 'काही करत नाही' म्हणाला तरी.