जुन्या ट्रॅक्टरची ताकद वाढवण्याआधी

मुरबाडच्या शेतावरचा तुमचा जुना मॅसी ३५ वजन ओढण्याच्या स्पर्धेत उतरवायचा असेल, तर जास्त डिझेल सोडण्यासाठी डिझेल पंपाचा स्क्रू पिळण्याची घाई करू नका. त्यातील पर्किन्सच्या तीन सिलिंडरांच्या २.५ लिटर इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर, आधी मोजा, व्हॉल्व्हची फट जुळवा आणि तुर्भ्याच्या एमआयडीसीत पंप-नोझलच्या कारागिराकडून डिझेल फवारणाऱ्या नोझलचा दाब तपासून घ्या. झिजलेल्या इंजिनाची हरवलेली ताकद बहुधा येथेच परत मिळते. डिझेल वाढले आणि हवा तेवढीच राहिली, की काळा धूर निघतो आणि पिस्टन तापतो. प्रेक्षक मात्र त्या धुरालाच ताकद समजून टाळ्या वाजवतात. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरशी खेळून फेरे वाढवणे मला मुळीच मान्य नाही, कारण बिडाचे जुने फ्लायव्हील (इंजिनाचे जड फिरते चाक) अतिवेगाने फुटू शकते. वजन ओढायची साखळी मागच्या आसाच्या खालीच अडकवा आणि पुढे वजने लावा, अन्यथा ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.