‘सिव्हिअरली’ म्हणजे नेहमीच ‘कठोरपणे’ का?

‘सिव्हिअरली’ या इंग्रजी क्रियाविशेषणासाठी मराठीत सरसकट ‘कठोरपणे’ लिहावे का, आणि तसे असेल तर ‘सिव्हिअरली इन्जर्ड’ या प्रयोगात कठोरपणा नेमका कोणाचा, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. प्रश्नाचा उत्तरार्धच पूर्वार्धाचे उत्तर देतो, असे मला वाटते.

मूळ लॅटिन ‘सेवेरुस’ या विशेषणाचा अर्थ गंभीर, करडा, ढिलाई न खपवून घेणारा असा आहे, इ. स. १९३ ते २११ या काळात राज्य करणाऱ्या रोमन सम्राट सेप्टिमियस सेवेरुसच्या नावात तेच आहे. हा माणसाचा गुण इंग्रजीत दुखणे, थंडी, टंचाई यांनाही लागतो, आणि तिथे तो वागण्याची रीत न सांगता मात्रा सांगतो. ‘पनिश्ड सिव्हिअरली’ म्हटले की शिक्षा करणारा कोणीतरी डोळ्यांपुढे असतो, म्हणून तिथे ‘कठोर शिक्षा केली’ हे बरोबर. ‘सिव्हिअरली इन्जर्ड’ मध्ये मात्र कर्त्याचा स्वभाव उरतच नाही, म्हणून आपण ‘गंभीर जखमी’ किंवा ‘जबर जखमी’ म्हणतो. मात्रेच्या अर्थाने हा शब्द सहसा कृदंताच्या आधी येतो. रीतीच्या अर्थाने तो क्रियेनंतरही सहज बसतो.

रीतीच्या अर्थानेसुद्धा ‘कठोरपणे’ हा पहिला पर्याय असू नये, असे माझे मत आहे. ‘पण’ लावून केलेले भाववाचक नाम तृतीयेत घालून इंग्रजी क्रियाविशेषणाची जागा भरणे व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी ‘कठोरपणे टीका केली’ हे वाक्य वाचताना भाषांतराचा वास येतो. मराठी अशा वेळी ‘ऊन’ प्रत्ययाची रूपे वापरते: टीका सडकून होते, विरोध कडाडून होतो, नकार ठणकावून दिला जातो आणि ‘जाऊ नकोस’ हे निक्षून सांगितले जाते. सडकणे म्हणजे झोडपणे, कडाडणे म्हणजे विजेचा आवाज. क्रियेची तीव्रता दाखवायला मराठी दुसरी क्रियाच मदतीला घेते. पुष्कळदा तर वेगळे क्रियाविशेषण लागतच नाही, कारण खडसावणे, दटावणे, खरडपट्टी काढणे, ताशेरे ओढणे यांत करडेपणा आधीच मुरलेला असतो. ‘सक्त ताकीद’ आणि ‘सक्त मनाई’ यांतला फारसीतून आलेला ‘सक्त’ हेच काम विशेषण राहून करतो.

जवळच्या शब्दांपैकी ‘हार्शली’ मध्ये निर्दयपणाची छटा अधिक आहे, म्हणून तो वागवणे, बोलणे, दोष देणे यांच्याशी जुळतो. ‘स्टर्नली’ चेहऱ्यावर आणि आवाजात दिसतो, त्याला ‘करड्या आवाजात’ हे पुरेसे आहे.

‘हार्ड’ ला ‘ली’ जोडून ‘कठोरपणे’ हा अर्थ मिळेल, असे समजण्यात मात्र धोका आहे. जुन्या इंग्रजीत तो अर्थ होता. आजच्या वापरात ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’ किंवा ‘क्वचितच’. ‘ही वॉज हार्डली पनिश्ड’ असे कोणी लिहिले, तर वाचणारा असे समजेल की त्याला शिक्षा जवळपास झालीच नाही.