दोन डेटा सेंटर, एक तुटलेली लिंक: डीआरबद्दल (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे आपत्तीनंतर सेवा पुन्हा उभी करणं) प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमची दोन डेटा सेंटर 800 किलोमीटर लांब आहेत. डेटाबेसचं रेप्लिकेशन (दुसरीकडे प्रत ठेवणं) सिंक्रोनस, म्हणजे पलीकडून पोच आल्यावरच पुढे जाणारं, केल्यापासून ॲप रखडतंय. बँडविड्थ वाढवूनही फरक नाही.

पडणारही नाही. रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर 100 किलोमीटरला जाऊन-येऊन 1 मिलिसेकंद. तुमच्या अंतराला किमान 8. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, म्हणून 12 धरा. प्रत्येक कमिट, म्हणजे डेटाबेसमध्ये बदल पक्का करणं, तेवढी ताटकळते. एका रिक्वेस्टमध्ये लागोपाठ 10 कमिट असतील, तर 120 मिलिसेकंद नुसत्या वाट पाहण्यात जातात.

सिंक्रोनस प्रत जवळच्या, पण वीज आणि फायबर वेगळं असलेल्या इमारतीत ठेवा. 800 किलोमीटरवरची असिंक्रोनस, म्हणजे पोचेची वाट न पाहणारी, करा. ती जितके सेकंद मागे राहील, तितका डेटा मोठ्या आपत्तीत जाईल. किती गेला तर चालेल, हे व्यवसाय चालवणाऱ्यांकडून लेखी घ्या आणि लॅग (प्रतीचं हे मागे राहणं) त्या आकड्याच्या निम्म्यावर गेला की अलार्म वाजू द्या.

प्रश्न: ईटीसीडी (क्लस्टरची मूळ माहिती ठेवणारा डेटाबेस) आमच्याकडे आहे. त्याचे 5 नोड, म्हणजे सर्व्हर, दोन सेंटरांत 3 आणि 2 असे विभागलेत. 3 नोडचं सेंटर बंद पडलं, तेव्हा उरलेले 2 चालू असूनही क्लस्टर गप्प. सहावा नोड घालावा का?

नको. क्लस्टर बहुमत असेल तरच चालतं: 5 नोडांत 3 लागतात, 6 नोडांत बहुमत 4 चं होतं. 3-3 वाटणीत कुठलीही बाजू गेली तरी सगळं ठप्प. दोन जागांमध्ये हा पेच सुटतच नाही. तिसरी जागा घ्या आणि 2-2-1 ठेवा. तिसऱ्या जागेची लिंक पहिल्या सेंटरमधून जात असेल तर पैसे वाया गेले. मार्ग स्वतंत्र हवा. ईटीसीडीत नुसतं मत देणारा नोड नसतो, म्हणून तिथेही पूर्ण डेटा आणि वेगवान एसएसडी लागते. हार्टबीट, म्हणजे प्रमुख नोडने ‘मी चालू आहे’ असं कळवण्यातलं अंतर, मुळात 100 मिलिसेकंद असतो. तो सर्वांत लांबच्या राउंड ट्रिपच्या (जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेच्या) आसपास ठेवा आणि इलेक्शन टाइमआउट (प्रमुख गप्प झाल्यावर नवा निवडण्याआधी थांबायचा वेळ) त्या राउंड ट्रिपच्या किमान दहापट.

प्रश्न: फेलओव्हर (बिघाड झाल्यावर काम दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवणं) आपोआप व्हावा की माणसाने करावा?

एका सेंटरच्या आत आपोआप. सेंटर बदलायचं असेल तर माणसाने. पलीकडचं सेंटर जळालं की फक्त लिंक तुटली, हे अलीकडून सारखंच दिसतं. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेची लिंक फक्त 43 सेकंद तुटली. तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेने अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावरचे डेटाबेस प्रायमरी, म्हणजे राइट्स (नवे बदल) घेणारे मुख्य, केले. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेली राइट्स साठली आणि सेवा 24 तास 11 मिनिटं विस्कळीत राहिली.

क्रम असा ठेवा. आधी जुना प्रायमरी खात्रीने बंद करा: रिमोट पॉवर किंवा स्विचचा पोर्ट, तोही मुख्य लिंकवर अवलंबून नसलेल्या वाटेने. मग रेप्लिकापर्यंत (दुसरीकडच्या प्रतीपर्यंत) पोचलेली शेवटची लॉग पोझिशन (बदलांच्या नोंदवहीतली जागा) लिहून ठेवा. त्यानंतरच रेप्लिका प्रमोट करा, म्हणजे प्रायमरी बनवा, आणि डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) वळवा. टीटीएल (डीएनएसचं उत्तर कॅशेत किती वेळ जपायचं तो आकडा) 60 सेकंद आधीपासून हवा. ऐनवेळी कमी केलात तर जुनी कॅशे जुनाच आकडा पाळतात. उघडी कनेक्शन तर डीएनएसला विचारतच नाहीत, म्हणून कनेक्शन पूल (ॲपने उघडी ठेवलेली कनेक्शन) रीस्टार्ट करण्याची पायरीही रनबुकात (संकटात पाळायच्या पायऱ्यांच्या यादीत) घाला.

प्रश्न: दूरवर रेप्लिका असताना बॅकअप कशाला?

चुकून केलेला डिलीट रेप्लिकावरही काही क्षणांत पोचतो म्हणून. आणि बॅकअप आहे हे रिस्टोअर केल्याशिवाय कळत नाही: जानेवारी 2017 मध्ये गिटलॅबला (गिटहबसारखीच सेवा) डेटाबेस उडाल्यावर कळलं की डंप (डेटाबेसच्या बॅकअप फाइली) सॉफ्टवेअर व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हते, आणि तसं सांगणारे मेलही पोचत नव्हते. वेळेचा हिशेबही मांडा. 10 टेराबाइट 1 गिगाबिटच्या लिंकवरून आणायला, लिंक पूर्ण भरून चालली तरी, 22 तास लागतात.

प्रश्न: मूळ सेंटर परत सुरू झालं. आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसचा जुना प्रायमरी सरळ जोडू का?

मुळीच नाही. त्याच्याकडे पलीकडे न पोचलेल्या कमिट आहेत. पीजी-रिवाइंड या पोस्टग्रेसच्या साधनाने तो नव्या प्रायमरीच्या मागे लावता येतो. त्यासाठी डेटा चेकसम किंवा डब्ल्यूएएल लॉग हिंट्स यांपैकी एक सेटिंग आधीपासून चालू हवं. पण रिवाइंड त्या कमिट पुसून टाकतं. म्हणून आधी जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढा, ती वेगळ्या सर्व्हरवर उघडा आणि लिहून ठेवलेल्या पोझिशननंतरचे व्यवहार शोधा. ते कुणाच्या ना कुणाच्या ऑर्डरी, पैसे, नोंदी असतात. त्यांचा निकाल लागल्यावरच रिवाइंड चालवा.