मायलेजचं सिम्युलेशन: आधी एवढंच करा

गाडी किती मायलेज देईल हे कॉम्प्युटरवर काढायचं असेल तर सुरुवातीला फास्टसिम हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. गाडी एकच घ्या. हायब्रिड, गिअर बदलाचे नकाशे (कोणत्या वेगाला कोणता गिअर, याचे तक्ते) सध्या नकोत.

आधी ताशी 60 किमीचा हिशेब कागदावर करा. वजन 1100 किलो, रोलिंग रेझिस्टन्स (टायरच्या अडथळ्याचा गुणांक) 0.01, ड्रॅग (हवेच्या अडथळ्याचा गुणांक) 0.32, समोरचं क्षेत्रफळ 2.1 चौ.मी. धरलं तर टायरचा अडथळा 108 न्यूटन, हवेचा साधारण 112. म्हणजे चाकांवर जेमतेम 3.7 किलोवॅट. सॉफ्टवेअरचं उत्तर याच्या आसपास नसेल तर पुढे जाऊच नका. बहुतेकदा वेग मीटर प्रति सेकंदात द्यायचा राहिलेला असतो.

मग तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा, समजा ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा, तुमचा वेग मोबाइलच्या जीपीएसवर दर सेकंदाला नोंदवा. नवे लोक फसतात ते इथेच:

- कच्ची नोंद तशीच घालतात. सिग्नलला उभी गाडीही जीपीएसवर हलते, खोटा प्रवेग येतो, मायलेज पडतं. 3 ते 5 सेकंदांची सरासरी घ्या. जास्त घेतलीत तर खरा प्रवेगही पुसला जाईल.
- उंचीही जीपीएसचीच घेतात. पहिल्या रनला चढ शून्य ठेवा, त्याच रोडवरचा गायमुखचा घाट नंतर.
- माणसांचं वजन आणि एसीचा भार विसरतात.

उत्तर टाकी फुल टू फुल मोजलेल्या मायलेजशी ताडून बघा. जुळलं नाही तर एका वेळी एकच आकडा बदला. अडलात तर इनपुट फाइलसकट विचारा, नक्की बघू.