चौतीस वर्षांचे पेपर आणि साडेतीन लाख रुपये

मिरजेच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५८, दीड महिन्यापूर्वी कारखान्यातून निवृत्त. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आलेले १८ लाख बचत खात्यात पडून आहेत. थोरल्या भावाच्या साठीशांतीला त्यांनी भावाच्या जन्मदिवसाचा, १९६६ सालचा मूळ पेपर एका रद्दीच्या व्यापाऱ्याकडून मिळवून भेट दिला. शाल-श्रीफळ बाजूला राहिलं आणि पाहुणे तो पेपरच चाळत बसले. आता तोच व्यापारी दुकान आवरतोय. एका मराठी दैनिकाचे १९६२ ते १९९५ या काळातले सुमारे ११,००० अंक साडेतीन लाखांत द्यायला तयार आहे, पण महिनाअखेरीपर्यंत होकार हवा म्हणतो. हे अंक ‘तुमच्या जन्मदिवसाचा पेपर’ म्हणून दीड हजाराला एक असे विकायचे, असा वाचकांचा बेत आहे. पत्नीचं म्हणणं, पैसे मोजून घरात रद्दी कोण भरतं?

कल्पना चांगली आहे. आणि वहिनींचंही चुकत नाही.

साडेतीन लाखांत ११,००० अंक म्हणजे एक अंक ३२ रुपयांना. तो दीड हजाराला जाणार, हे गणित कुणालाही भुरळ घालेल. पण तुमचं गिऱ्हाईक दुकानात येऊन ‘एखादा जुना पेपर द्या’ म्हणणार नाही. त्याला एकच तारीख हवी असते. ती मिळाली तर दीड हजार, नाही मिळाली तर बाकीचे १०,९९९ अंक त्याच्या लेखी रद्दीच.

मग कुठल्या तारखा मागितल्या जातील? आपल्याकडे अशी भेट कधी देतात ते आठवा. पन्नाशी, साठीशांती, लग्नाचा सुवर्णमहोत्सव, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. २०२६ मध्ये साठी होणाऱ्यांचा जन्म १९६६ चा. पन्नाशीचे आणि सुवर्णमहोत्सवाचे लोक १९७६ चे. पंचाहत्तरी १९५१ ची आणि सहस्रचंद्रदर्शन त्याच्याही आधीचं, म्हणजे ती दोन्ही गिऱ्हाइकं या गठ्ठ्याबाहेर. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला २००१ चा पेपर लागेल, तोही यात नाही. १९६२ ते १९६५ च्या अंकांची साठी तर उलटून गेली. १९६२ च्या अंकांना आता २०३७ पर्यंत पंचाहत्तरीची वाट बघावी लागेल. १९८० नंतरच्या बहुतेक मालालाही अजून बरीच वर्षं मोठं निमित्त नाही. चाळिशी आपल्याकडे केक कापून उरकतात.

म्हणजे येत्या तीन वर्षांत खरी मागणी राहील ती १९६६, ६७, ६८ आणि १९७६, ७७, ७८ या सहा सालांना. माझा सल्ला एवढाच: चौतीस वर्षं नको, ही सहा वर्षं घ्या.

आता आकडे. दीड हजारातून चांगलं फोल्डर किंवा पेटी, पुठ्ठा लावून कुरिअर, जाहिरात आणि खराब निघालेल्या अंकांची घट मिळून ७०० रुपये जातील असं धरतो. हातात ८००. संपूर्ण गठ्ठा घेतलात तर त्याला जागा लागेल. महिना ३,००० भाड्याने वर्षाचे ३६,०००. भांडवल पाच वर्षांत परत यायचं तर वर्षाला ७०,०००. शिवाय हेच साडेतीन लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,७०० व्याज आलं असतं. बेरीज १,३४,७००. भागिले ८००, म्हणजे वर्षाला सुमारे १६८ अंक, महिन्याला १४. आणि एवढे विकून तुम्ही फक्त बरोबरीत येता, तुमच्या कष्टाची कमाई शून्य.

सहा वर्षांचे सुमारे २,१०० अंक भरतील. निवडक माल म्हणून व्यापारी भाव चढवेल, तरी ८०,००० पर्यंत जायला हरकत नाही. तेवढे घरच्या कपाटात मावतात. तीन वर्षांत वसुली धरली तर व्याजासकट वर्षाला ३३,००० च्या आसपास, म्हणजे महिन्याला तीन-चार अंक. हे जमण्यासारखं आहे. उलाढाल एवढी लहान असेल तर अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीत, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, आयकराचा हिशेब सोपा राहतो. परराज्यात माल पाठवण्याआधी मात्र जीएसटीचं सीएला विचारून घ्या.

पैसे देण्याआधी गठ्ठे सोडून बघा. वरचा अंक प्रत्येक जण चांगलाच ठेवतो, तुम्ही मधला काढा. कोपरा एकदा पुढे, एकदा मागे दुमडा. कागद तुटून हातात आला तर तो अंक कुरिअरचा प्रवास सोसणार नाही. वृत्तपत्राचा कागद स्वस्त लाकडी लगद्याचा असतो, त्यातल्या आम्लामुळे तो आतूनच पिवळा आणि ठिसूळ होत जातो. कसर लागली आहे का, सुतळीने कडा कापल्या आहेत का, शब्दकोडं किंवा वधू-वरांची जाहिरात कुणी कात्रीने काढून नेली आहे का, हेही पाहा. लॅमिनेशन करू नका. ते पुन्हा काढता येत नाही आणि कागद आत खराब होतच राहतो. आम्लविरहित फोल्डर महाग पडतं, पण तिथे काटकसर नको.

तारखांची यादीही मागा. १६ ऑगस्ट आणि २७ जानेवारीला पेपर निघत नाही, कारण आदल्या दिवशी छापखान्याला सुट्टी. दिवाळी-दसऱ्याचंही तसंच. त्या दिवशी जन्मलेल्यांना तुम्ही काय देणार, ते आधी ठरवा. शिवाय पेपरात बातम्या आदल्या दिवसाच्या असतात. हजाराच्या नोटा १६ जानेवारी १९७८ ला रद्द झाल्या. त्या नोटांची मोठी बातमी शोधणाऱ्याला १७ जानेवारीचा अंक लागेल, पण १६ ला जन्मलेल्याला १६ चाच हवा असेल. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. १२ तारखेचा तो अंक अभ्यासक घेतील, भेट म्हणून कुणी देणार नाही. आवृत्तीचाही फरक पडतो. पुण्याच्या आवृत्तीवर नागपूरकर खूश होत नाही, त्याला ‘तरुण भारत’ हवा असतो आणि कोल्हापूरकराला ‘पुढारी’.

नसलेल्या तारखांच्या रंगीत प्रती काढून विकेन, असं तुम्ही लिहिलंय. ते करू नका. मूळ अंक पुन्हा विकणं वेगळं आणि त्याच्या प्रती छापून विकणं वेगळं. दुसऱ्यात कॉपीराइट आडवा येतो.

व्यापारी १५ ऑगस्ट १९४७ चे काही अंक वर ४०,००० घेऊन देतोय, तेही सोडा. त्या दिवसाच्या अंकांची पुनर्मुद्रणं पुष्कळ फिरतात. खऱ्या अंकात छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या अक्षरांचा, दाब कागदाच्या पाठीवर बोटाला जाणवतो, नंतरच्या ऑफसेट छपाईत तो नसतो. अंक खरा निघाला तरी ऐतिहासिक मूल्य असलेला ७५ वर्षांवरचा दस्तऐवज १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतो. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. न्यू जर्सीच्या भाच्याकडून ऑर्डर मिळवण्याचा बेत या अंकांपुरता तरी बाजूला ठेवा.

व्यापाऱ्याला पैसे देण्याआधी दहा ओळखीच्यांकडून तारीख आणि आगाऊ ५०० रुपये घ्या. नुसतं ‘वा, छान कल्पना’ हे धरायचं नाही. दहांपैकी पाचांनी पैसे काढले आणि त्यांतल्या तीन तारखा गठ्ठ्यात चांगल्या स्थितीत सापडल्या, तर सहा सालांचा सौदा करा. वेगळी सालं देत नाही म्हणाला तर त्याला नमस्कार करून या. महिनाअखेरीची घाई त्याची आहे.

तुम्हाला घाई आहे ती दुसऱ्याच कामाची. ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खातं उघडता येतं, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. व्याज सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात जमा. तुमचा दीड महिना गेलाय. कारखान्यातला आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपला असेल, तर दोघांच्या पॉलिसीचा हप्ता आणि वर्षभराचा घरखर्च आधी वेगळा काढा, पेपरांचे ८०,००० बाजूला ठेवा आणि उरलेली रक्कम या योजनेत टाका. खातं पोस्टात किंवा बँकेत निघतं. कारखान्याकडून निवृत्तीची तारीख आणि मिळालेल्या रकमेचा दाखला लागतो, तो या आठवड्यातच मागून घ्या.