उंटिणीची कास निरोगी आहे आणि दूध चांगले आहे, हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे, की यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या शिवारात कच्छी रबाऱ्यांचा, म्हणजे कच्छकडील भटक्या पशुपालकांचा, डेरा उतरला असून त्यांच्याकडून उंटिणीचे दूध घेताना कास निरोगी असल्याची खूण कोणती मानावी, आणि ती सर्व जातींना सारखीच लागू पडते का. मी विदर्भात पशुवैद्यक आहे. काम मुख्यतः गाई-म्हशींचे, पण असे डेरे आले की उंटही पाहावे लागतात.

माझ्या मते गाईचे आकडे किंवा जातीची सरासरी समोर ठेवून उंटिणीची कास पारखू नये. तिच्याच एका सडाची दुसऱ्या सडाशी तुलना करावी. कच्छी, बिकानेरी, जैसलमेरी या जातींत दूध कमी-अधिक असते, परंतु चारा, पाणी आणि वेताचा काळ यांमुळे एकाच उंटिणीच्या दुधातही मोठा फरक पडतो. पाण्याचा ताण पडला की तिचे दूध दाट न होता उलट पातळ होते. त्यामुळे लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजण्याचे साधन) पाहून भेसळीचा आरोप करण्यापूर्वी जनावराला पाणी कधी पाजले होते, ते विचारावे. चवीचेही तसेच. कासदाह, म्हणजे आपल्याकडची दगडी, झाल्यावर सोडियम व क्लोराईड वाढून दूध खारट होते, पण खारा चारा खाल्लेल्या निरोगी उंटिणीचे दूधही खारट लागते. चारही सडांचे दूध सारखेच खारट असेल तर कारण चाऱ्यात शोधावे. एकाच सडाचे असेल तर कासेत.

उंटिणीच्या सडाला बहुधा दोन छिद्रे असतात व त्यांमागील दूधग्रंथी स्वतंत्र असतात, म्हणून एकाच सडातून एक धार स्वच्छ आणि दुसरी गाठाळ येऊ शकते. पिल्लू लावून पान्हा फुटल्यावर प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा काळ्या ताटलीत घ्याव्यात. गाठी, रक्ताची झाक किंवा पाणचटपणा दिसला नाही, तरी कपडे धुण्याच्या पावडरीचे 3 टक्के द्रावण तितक्याच दुधात मिसळून ताटली फिरवावी. एखाद्या सडाचे मिश्रण इतरांपेक्षा घट्ट, चिकट झाले तर तो सड संशयास्पद मानावा. चीक ओसरताना आणि दूध आटत आलेले असताना मात्र ही चाचणी फसवते.

कासदाहात दुधातील पेशी वाढतात; त्यांची संख्या मोजून घेणार असाल तर एक लक्षात ठेवावे. गाईच्या दुधात मिलिलिटरला 2 लाख पेशींची मर्यादा साधारणपणे धरतात. उंटिणीच्या दुधात केंद्रक नसलेले पेशींचे तुकडेही असतात व यंत्र त्यांनाही पेशी समजून मोजू शकते, म्हणून ती मर्यादा तिला जशीच्या तशी लावू नये.

कासेवरील गोचीड, पिल्लू पिऊ नये म्हणून सड दोरीने बांधल्याचे व्रण आणि हाताला लागणारा कठीणपणा, हेही पाहावे. जनावराला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल तर पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत दूध घेऊ नये. कच्चे दूध औषधी म्हणून पिण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात; तो मानू नये, कारण कास निरोगी दिसत असतानाही ब्रुसेलोसिस या जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगाचे जंतू दुधातून येऊ शकतात. दूध उकळूनच घ्यावे.