नोंदणीपत्रातील विषयाचा रकाना

गुहागरच्या ताईंनी लिहिले आहे की, अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांचे राजकारण आणि कोकणातील दलित महिला सरपंच यांचा तुलनात्मक अभ्यास राज्यशास्त्रात बसत नाही, म्हणून पीएच.डी.ची नोंदणी आंतरविद्याशाखीय करावी, असे त्यांना विभागात सुचवण्यात आले आहे. ताई, कृपया हे मान्य करू नका.

१२ वर्षांपूर्वी मी मान्य केले होते. ‘संशोधन तेच राहील, फक्त अर्जावरचा रकाना बदलेल,’ या तोंडी आश्वासनावर मी सही केली आणि लेखी काहीही मागितले नाही. पुढे एका महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीत, एम.ए. आणि सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) दोन्ही राज्यशास्त्रात असूनही, ‘पीएच.डी. संबंधित विषयातील नाही’ असा शेरा पडला आणि तिचे गुण धरलेच गेले नाहीत. समकक्षतेच्या, म्हणजे माझी पदवी राज्यशास्त्राच्या पदवीच्या बरोबरीची आहे असे सांगणाऱ्या पत्रासाठी मी चिपळूणहून पहाटेची गाडी पकडून एका कार्यालयात १४ महिने खेटे घातले. दर खेपेस नवे टेबल दाखवले जाई, आणि मूळ अर्ज तर दोनदा गहाळ झाला. पत्र हाती आले तेव्हा जागा भरली गेली होती. त्यानंतर ६ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवले, आणि त्या वर्षांचा राग अजून गेलेला नाही.

मुळात हा विषय राज्यशास्त्राचा नाही, हे म्हणणेच चुकीचे आहे. ज्यूएल प्रेस्टेज यांनी १९५४ मध्ये आयोवा विद्यापीठातून राज्यशास्त्रातच डॉक्टरेट मिळवली; अमेरिकेत ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या आणि राजकारणातील स्त्रिया हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. आपल्याकडे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण एकूण जागांच्या निम्म्यापर्यंत वाढवले. राखीव खुर्चीवर बसलेल्या स्त्रीच्या हाती खरोखर किती सत्ता येते, हा प्रश्न राज्यशास्त्राने विचारायचा नाही तर कोणी? आराखड्याच्या पहिल्याच पानावर हे मांडा. मात्र वंश आणि जात एकाच मापाने मोजू नका. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर जो विटाळ आडवा आला, तो त्वचेच्या रंगावरून ठरलेला नव्हता.

क्षेत्रकार्यासाठी १ मेची ग्रामसभा सोयीची, कारण पाऊस सुरू झालेला नसतो आणि सुट्टीत आलेले चाकरमानीही गावात भेटतात. सरपंचबाईंची मुलाखत मात्र त्यांचे यजमान घरी नसताना घ्या.

नियम वरचेवर बदलतात आणि माझा अनुभव एकाच विद्यापीठाचा आहे, त्यामुळे सध्याचे परिपत्रक स्वतः वाचा. विभागाने तरीही आग्रह धरला, तर ही पदवी राज्यशास्त्रासाठी ग्राह्य धरली जाईल, असे जावक क्रमांकासह लेखी घ्या आणि मगच सही करा.